फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी मंडळाला निधी उभारायचाय – पैसे कसे जमवावे, कुठे भरावे?

वाळवेकर
गावातला शेतमजूर, वय ५२, केशरी रेशनकार्ड. फुप्फुसाचा कॅन्सर, स्टेज ४, अॅडिनोकार्सिनोमा प्रकारचा. बायोप्सी सांगलीत झाली, पुढचे उपचार परळला टाटामध्ये घ्यायचं ठरतंय. मंडळ यंदा देखाव्याचा खर्च कमी करून वर्गणी त्याच्यासाठी वापरणार आहे. पुण्या-मुंबईची आणि अमेरिकेतली काही मंडळीही द्यायला तयार आहेत. कुणी म्हणतं त्याच्या मुलाचा क्यूआर कोड व्हॉट्सअॅपवर फिरवा, कुणी म्हणतं क्राउडफंडिंगच्या साइटवर टाका. नेमकं काय करावं? शिवाय पुढच्या रुग्णांनाही उपयोगी पडेल असं काही करता येईल का?

परळनाका
क्यूआर कोड आज फिरवू नका. आधी हक्काचं काय मिळतंय ते मिळवा, मग उरलेल्या खड्ड्याचा आकडा काढा आणि तेवढ्यासाठीच हात पसरा. उलट क्रमाने गेलं की वर्गणी पहिल्या दोन महिन्यांत संपते आणि औषध बदलायची वेळ येते तेव्हा डबा रिकामा असतो.

केशरी कार्ड आहे म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू होते. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट घेऊन जायचं आणि डॉक्टरांनी लिहिलेला उपचार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो ते विचारायचं. बसत नसेल तर नकार लेखी घ्या. तोंडी 'नाही होत' वर परत फिरू नका. तो कागद पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो.

योजनेत न बसणाऱ्या उपचारांसाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (१ लाख ६० हजारांच्या आत), रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात येतात आणि आधीच झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही. बिल भरून मग अर्ज करणारे इथेच अडकतात. दाखला काढायला आजच तलाठ्याकडे जा, बाकी नंतर.

टाटात नोंदणी करताना जनरल वर्ग घ्या. 'प्रायव्हेटला लवकर नंबर लागतो' असं सांगणारे भेटतील, पण स्टेज ४ चा खर्च वर्षानुवर्षांचा असतो. वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच फेरीत जाऊन बसा.

हिशेबनीस
पैशांच्या वाटेबद्दल. मुलाच्या वैयक्तिक खात्यावर नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षात ५० हजारांहून जास्त आले तर वरची नव्हे, सगळीच रक्कम त्याचं करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे गावात कुजबुज सुरू होते की नवी मोटरसायकल कुठून आली. म्हणून खातं मंडळाचं, दोघांच्या सह्यांचं, आणि भरणा शक्यतो थेट रुग्णालयात रुग्णाच्या केस नंबरवर. टाटात रुग्णाला स्मार्ट कार्ड मिळतं, त्यावर पैसे चढवले की तिथली औषधं-तपासण्या त्यातूनच वळत्या होतात.

मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१क खालची परवानगी घ्या. गणपतीच्या वर्गणीसाठी घेतात तीच, पण अर्जात उद्देश म्हणून वैद्यकीय मदत स्पष्ट लिहा. 'उत्सवासाठी' म्हणून जमवलेले पैसे रुग्णाला दिले तर ऑडिटमध्ये कुणीतरी बोट ठेवणारच.

अमेरिकेतल्यांचं नीट बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचे ठरतात, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशीयांचं) कार्ड असलं तरी. एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय मंडळाने ते घ्यायचे नाहीत. अशांना एफसीआरए असलेल्या रुग्णालयाकडे किंवा संस्थेकडे वळवा.

आणि ठराव आत्ताच लिहा: रुग्ण दगावला किंवा पैसे उरले तर ते कुणाला जातील. नंतर हा विषय काढणं फार अवघड जातं.

पॅराफिन
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते वर्गणीतला पहिला रुपया तपासणीवर जावा. मूळ पोस्टमध्ये ईजीएफआर, एएलके, आरओएस१, पीडी-एल१ या गाठीच्या तुकड्यावरच्या जनुक-प्रथिनांच्या तपासण्यांचा उल्लेखच नाही. अॅडिनोकार्सिनोमात हे रिपोर्ट आल्याशिवाय गोळी की केमो हे ठरत नाही. घाईने केमो सुरू झाली आणि महिन्याने ईजीएफआर पॉझिटिव्ह निघालं, हे नेहमी घडतं.

सांगलीच्या लॅबमधून नुसता कागदी रिपोर्ट आणू नका. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड मागा. पोच लिहून दिली की देतात. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. तुकडा अपुरा असेल तर रक्तावरची लिक्विड बायोप्सी करता येते, पण तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे म्युटेशन (जनुकातला बदल) नाहीच असं धरू नये.

ईजीएफआर निघालं तर ऑसिमर्टिनिब ही महागडी गोळी परवडत नाही म्हणून हताश होऊ नका. टाटाच्याच ३५० रुग्णांच्या अभ्यासात (२०२० साली प्रसिद्ध) जेनेरिक मिळणाऱ्या गेफिटिनिब गोळीला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन या केमोची जोड दिली, तेव्हा आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. दुष्परिणामही वाढले, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचा. पण हा पर्याय विचारा तरी. कुरियरने येणाऱ्या बिनबिलाच्या 'बांगलादेशी' गोळ्यांच्या नादी लागू नका. पक्कं बिल नसेल तर कंपनीच्या सवलत योजनेतही नाव लागत नाही.

क्लिनिकल ट्रायलबद्दलही (नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी) उपचार सुरू होण्याआधीच विचारा, कारण बऱ्याच ट्रायलमध्ये आधी औषध घेतलेले रुग्ण चालत नाहीत. सीटीआरआय या ट्रायल-नोंदणीच्या सरकारी साइटवर सगळ्या नोंदी खुल्या आहेत. संमतीपत्र मराठीत मागा, एक प्रत घरी आणा. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार देणं २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

वाळवेकर
दाखल्याचं आणि ब्लॉकचं आजच बघतो. कायमच्या कामासाठी मोफत छातीच्या एक्स-रेचं शिबिर घ्यावं असं मंडळात चाललंय. फोटोही चांगले येतील म्हणतात.

पॅराफिन
नको. एक्स-रेने गाळणी करून फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी होत नाहीत, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात २०११ मध्येच दिसलं. त्याच वर्षी लो-डोस सीटीने (कमी किरणांचं सीटी स्कॅन) मृत्यूंत २० टक्के घट दिसली, पण ती जबर धूम्रपान करणाऱ्यांमध्ये. आपल्याकडे वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी. एक्स-रेवर डाग दिसला की थुंकीत जंतू नसतानाही टीबीची औषधं सुरू होतात आणि सहा महिने तसेच निघून जातात. फलकावर एवढंच लिहा: दोन आठवड्यांवर खोकला असेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल तर थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची) तपासणी, आणि टीबीच्या औषधाने फरक पडत नसेल तर सीटी व बायोप्सी. खाली तंबाखू सोडण्याचा क्विटलाइन नंबर, १८००-११-२३५६. बिडी न ओढणाऱ्या बायकांनाही हा कॅन्सर होतो, तेही लिहा.

परळनाका
शिबिराच्या पैशात प्रवास-मुक्कामाचा निधी ठेवा. योजना औषध देते, मुक्कामाचा खर्च नाही. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसी पूर्ण मोफत, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला घेऊन खिडकीवर तिकीट काढायचं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरता येतं. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, पण जागा मिळायला वेळ लागतो. तोवरच्या आठ-दहा रात्री बाहेर काढायला जे पैसे लागतात, तिथे मंडळ खरं कामाला येतं.

हिशेबनीस
एक राहिलं. आवाहनाच्या पोस्टवर आधार नंबर आणि पूर्ण रिपोर्ट टाकू नका. लोक पोस्टर उचलून क्यूआर बदलतात आणि पुढे ढकलतात. मंडळाच्या खात्याचं नाव ठळक छापा, म्हणजे पैसे पाठवताना स्क्रीनवर दुसरं नाव दिसलं तर देणारा थांबेल. जमाखर्च दर रविवारी देवळाच्या फळ्यावर लावा.