मदत हवी आहे : सेफडिस्क असलेले जुने गेम लिनक्सवर कसे चालवावेत?

नमस्कार. माझ्याकडे सेफडिस्क हे सीडीची नक्कल रोखणारे संरक्षण असलेल्या काही जुन्या गेमच्या विकत घेतलेल्या मूळ सीडी आहेत. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने या संरक्षणाला लागणारा एसईसीडीआरव्ही.एसवायएस हा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणास्तव बंद केला, त्यामुळे हे गेम तिथेही चालत नाहीत, आणि मी आता केवळ लिनक्सच वापरतो.

वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) गेम व्यवस्थित इन्स्टॉल होतो, परंतु सुरू करताच ड्राइव्ह बराच वेळ घरघरतो आणि मूळ सीडी आतच असताना ती घालण्याची सूचना पडद्यावर येते. वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हचा प्रकार सीडी-रॉम असाच ठेवला असून उपकरण थेट वाचण्याची परवानगीही दिली आहे.

सेफडिस्क सीडीवरचे मुद्दाम सदोष ठेवलेले सेक्टर (माहितीचे छोटे भाग) तपासते आणि साध्या आयएसओ प्रतीत, म्हणजे सीडीच्या फाइलरूपी नकलेत, ते उतरत नाहीत. सीडीईएमयू हे लिनक्सवर आभासी सीडी ड्राइव्ह तयार करणारे सॉफ्टवेअर एमडीएस प्रकारची, सीडीची अधिक तपशीलवार प्रतिमा जोडून अशा सेक्टरांचे अनुकरण करू शकते. पण ही प्रतिमा लिनक्सवरच तयार करता येते का, की त्यासाठी विंडोज एक्सपीचे जुने यंत्रच लागते? वाइनच्या कोणत्या आवृत्तीत ही तपासणी पार पडल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे?

अनोळखी ठिकाणची ‘नो-सीडी’ फाइल (सीडीची तपासणी काढून टाकलेली गेमची फाइल) वापरण्याची माझी इच्छा नाही. पैसे देऊन घेतलेला गेम खेळण्यासाठी संगणकाची सुरक्षा पणाला लावावी लागू नये, असे मला मनापासून वाटते. आभासी यंत्रात (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) एक्सपी चालवणे हा शेवटचा पर्याय आहे, मात्र त्यात त्रिमितीय चित्रण फार अडखळते. ज्यांनी हे जमवले आहे त्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.