दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब जुळत नाही

प्रश्न:
लंडनचं हीथ्रो ते न्यूयॉर्कचं जेएफके हे अंतर अक्षांश-रेखांशांवरून ५,५३९ किमी आलं. ताशी ९०० किमी वेगाने सहा तास नऊ मिनिटं होतात. वेळापत्रकात मात्र जाताना आठ तासांच्या आसपास आणि परतताना सात. अंतर चुकलं, की वेग?

प्रतिसाद १:
अंतर बरोबर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून हॅवरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र) एवढंच येतं. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते, ती सोडून द्या.

खऱ्या चुका आकडे भरताना होतात. हीथ्रोचा अक्षांश ५१ अंश २८ मिनिटं, म्हणजे ५१.४७ (६० मिनिटांचा एक अंश), ते ५१.२८ असं भरलं की विमानतळ २० किमी दक्षिणेला सरकतो. स्प्रेडशीटमध्ये अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करायचे राहिले तर उत्तर पार भलतंच येतं. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह हवंच. इथे दोन्ही ठिकाणं पश्चिमेला आहेत, म्हणून ते विसरलं तरी कळत नाही. पॅरिस-न्यूयॉर्क काढताना तीच चूक महागात पडते.

प्रतिसाद २:
ताशी ९०० हा फक्त उंचीवरचा वेग आहे, तोही स्थिर हवेतला. चढताना, उतरताना आणि धावपट्टीच्या दिशेने वळसा घेताना विमान बरंच हळू असतं. त्यासाठी अर्धा तास वाढवा. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो. गर्दीच्या विमानतळांवर टॅक्सीचा, म्हणजे विमान गेट आणि धावपट्टीदरम्यान जमिनीवरून चालवण्याचा, मिळून आणखी अर्धा तास सहज जातो. म्हणजे वारा नसता तरी सात तास दहा मिनिटं.

आता वारा. उत्तर अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सरासरी ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किमी धरला, तर जाताना जमिनीच्या मानाने वेग ७९० उरतो आणि सात तास एक मिनिट लागतं. येताना १,०१० होतो, पाच तास २९ मिनिटं. दोन्हींत वरचा एक तास मिळवा. येतानाचे साडेसहाच भरतात, पण उशीर सामावून घ्यायला कंपन्या थोडा जादा वेळ धरतात.

प्रश्नकर्ता:
मग जाऊन-येऊन वारा फिटतो ना?

प्रतिसाद २:
नाही. वरचा तास न धरता बेरीज करून पाहा: साडेबारा तास. वाऱ्याविना १२ तास १८ मिनिटं. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा. लोक चूक इथेच करतात: वेळांची बेरीज करायची सोडून वेगांची सरासरी काढतात.

प्रतिसाद ३:
एक भर. ५,५३९ हा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्वृत्त. विमान नेमकं त्यावरून जाईलच असं नाही. समोरचा वारा टाळायला मार्ग लांबवणं अनेकदा फायद्याचं ठरतं. हवाई हद्द बंद असली तर हिशेबच बदलतो: २०२२मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून सुमारे १३ तासांवर गेला.

आणि वेळापत्रकातून कालावधी काढताना दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभरच्या सामायिक प्रमाणवेळेत, आणा. लंडन-न्यूयॉर्क फरक एरवी पाच तासांचा. पण अमेरिकेची घड्याळं मार्चमध्ये ब्रिटनच्या आधी पुढे होतात आणि शरदात नंतर मागे येतात. त्या मधल्या आठवड्यांत तो चारच असतो.