बेटावरून बेटावर: फेरी, व्हॅन आणि मधला घोळ (तुमचेही अनुभव लिहा)

नुकतीच थायलंडहून परत आले. सामुई, फांगान, ताओ ही आखातातली तीन बेटं, आणि मग देश आडवा ओलांडून (तिथे तो अगदीच चिंचोळा आहे) दुसऱ्या किनाऱ्यावरचं लांता. जायच्या आधी ज्याने त्याने बोटीची भीती घातली होती, लाटा काय, उलट्या काय. बोटीत काहीही झालं नाही. जे काय झालं ते बोटीतून उतरल्यावर आणि पुढच्या वाहनात बसायच्या आधी.

तिकडे जॉइंट तिकीट मिळतं, व्हॅन-बोट-व्हॅन सगळं एकाच चिठ्ठीवर. काउंटरवरची बाई ती चिठ्ठी ठेवून घेते, दुसरी देते आणि तुमच्या शर्टावर एक रंगीत स्टिकर चिकटवते. तिथून पुढे तुमचं नाव-गाव कुणी विचारत नाही, स्टिकर बघून हाताने दिशा दाखवतात. माझा स्टिकर जॅकेटवर, आणि उकडायला लागल्यावर जॅकेट सॅकमध्ये. मुख्य भूमीवर डोनसाकच्या धक्क्यावर एक जण क्राबी क्राबी ओरडतोय, दुसरा स्टेशन स्टेशन, मागून लोक ढकलतायत, मी बॅग उचलून समोर जी व्हॅन होती तिच्यात जाऊन बसले. तासाभराने उतरवलं ते सुरत थानीच्या रेल्वे स्टेशनसमोर. मला लांतासाठी आधी क्राबी गाठायचं होतं, ते तिथून अजून अडीच-तीन तास. पुढची सीट मिळेपर्यंत एका ऑफिसच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते, बाजूला एक मांजर, दोघी एकमेकींकडे बघत.

तर असे सांधे निसटल्याचे, किंवा अगदी वेळेवर जुळल्याचे अनुभव असतील तर लिहा. थायलंडच पाहिजे असं नाही, कुठलीही उन्हाळी बेटं चालतील.

*

ताई, स्टिकरचं वाचून हसू आलं, माझा तर केसांना चिकटला होता.

लांताचं माझं जुनं. लांता दोन आहेत, नोई आणि याई, आपण सगळे राहतो ते याई. आता त्या दोघांमध्ये पूल आहे, २०१६ मध्ये सुरू झाला. मी २०१२ ला गेलो तेव्हा दोन फेऱ्या घ्यायला लागायच्या, मुख्य भूमीवरून नोईला एक आणि नोईवरून याईला दुसरी. आपण व्हॅनमधेच असतो, व्हॅन बोटीवर चढते. पहिल्या फेरीच्या रांगेत ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मी पाय मोकळे करायला उतरलो, कापलेला अननस घेतला, मागे वळलो तर समोर अकरा पांढऱ्या व्हॅन. सगळ्या सारख्या. नंबर लक्षात ठेवावा तर नंबरप्लेटवर अक्षरं थाई. मी तीन व्हॅनमध्ये डोकं घालून तिथल्या लोकांना दचकवलं, चौथीत माझी सॅक दिसली. तेव्हापासून उतरताना आधी नंबरप्लेटचा फोटो काढतो, हे मी जगातल्या कुठल्याही व्हॅनला करतो आता.

*

बोटीत काही झालं नाही म्हणता, तुमचं नशीब हो. आम्ही चुंफोनहून ताओला नोव्हेंबरमध्ये गेलो, मी, नवरा आणि दोन मुली, मोठी नऊ वर्षांची. "नोव्हेंबरपासून थायलंडचा सीझन" एवढंच वाचलेलं. तो सीझन अंदमान समुद्राच्या बाजूचा, फुकेत, क्राबी, लांता वगैरे, तिकडे पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. आखाताच्या बाजूला उलटं आहे, सामुई-ताओला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच येतो आणि समुद्रही तेव्हाच खवळतो. हे आम्हाला कॅटामरानमध्ये बसल्यावर कळलं, जेव्हा बोट सुटायच्या आधीच पोरं पिशव्या वाटत फिरायला लागली. मला वाटलं काही खाऊ देतायत.

उलटीची गोळी मी बोट हलायला लागल्यावर दिली, म्हणजे मुलींनी ती गिळली आणि दहा मिनिटांत परत केली. निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते ती. आणि आम्ही हौसेने पुढे बसलेलो, समुद्र दिसतो म्हणून. पुढचा भाग सगळ्यात जास्त आपटतो. खालच्या मजल्यावर, मध्ये किंवा मागे बसा, क्षितिजाकडे बघा, फोनकडे नको. येताना रात्रीची मोठी संथ बोट घेतली, वेळ कितीतरी जास्त लागला पण मुली झोपल्या. नवरा अजून म्हणतो फास्ट बोटीने वेळ वाचतो. वाचतो ना, धुण्याचे कपडे वाढतात.

*

+१ त्या पिशव्यांना.

*

माझा सांधा जुळलाच नाही, आणि चूक शंभर टक्के माझी. पूर्व जावात इजेनचा ज्वालामुखी बघितला, आता बन्युवांगीहून व्हॅनने केतापांगला जायचं आणि फेरीने पलीकडे बालीत गिलीमानुक, तासाभराचा मामला. मधली खाडी म्हणाल तर अरुंद आहे, पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसतात. हॉटेलवाल्याला व्हॅन सांगितली तर तो हसायलाच लागला. दुसऱ्या दिवशी न्येपी. बालीचं शक संवताचं नववर्ष, त्या दिवशी पूर्ण बेट गप्प, रस्त्यावर कोणी नाही, दिवे नाहीत, विमानतळ २४ तास बंद आणि फेरीसुद्धा बंद. शकाची तारीख माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये रोज दिसते बरं का, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग काय, राहिलो. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसलो. आदल्या रात्री पलीकडे दिव्यांची ओळ दिसत होती, त्या रात्री काहीच नाही, जणू बेट उचलून नेलं कुणी. पूर्ण ट्रिपमध्ये मला तेच जास्त आठवतं, बालीत पोचल्यावर जे बघितलं त्यापेक्षा. (घड्याळ एक तास पुढे करायचं मी अर्थातच विसरलो आणि गिलीमानुकहून पुढची व्हॅनही चुकवली.)

*

काका, तुम्ही बालीवरून पुढे गिलीला (लोंबोकजवळची छोटी बेटं) गेलात का? आम्ही दोघं साठीच्या पुढचे, मुलगा म्हणतो फास्ट बोट घ्या.

*

मी ते काका नाही पण सांगतो. गिलीच्या फास्ट बोटीला काही वेळा धक्काच नसतो, पाण्यात उतरवतात, पँट गुडघ्यापर्यंत वर आणि बॅग डोक्यावर. चाकांची बॅग असेल तर वाळूत ती तुम्हाला ओढते, तुम्ही तिला नाही. बेटावर मोटार नाहीच, घोड्याचा टांगा, त्याला चिदोमो म्हणतात. मधली लोंबोकची सामुद्रधुनी खोल आहे, प्रशांत महासागराचं पाणी तिथून हिंदी महासागरात ओतलं जातं, प्रवाह जबरदस्त. लहान बोट तिथे अक्षरशः उड्या मारते. पाठीचं, मणक्याचं दुखणं असेल तर अजिबात नको.

तुम्ही बालीतल्या पदांगबाईहून लोंबोकच्या लेंबारची मोठी फेरी घ्या, ट्रक वगैरे घेऊन जाते ती, चार-पाच तास लागतात. आत बाकांवर लोक आडवे होतात, नूडल्स विकणारे फिरतात, आणि डेकवर उभं राहिलं की अगुंगचा डोंगर मागे मागे जाताना दिसतो. लेंबारहून पुढे गाडी करा बांगसालपर्यंत, तिथून छोटी बोट. दिवस जातो पण दिवस छान जातो. मुलाला सांगा आईबाबांना घाई नाही.

*

पलावान, फिलिपाईन्स. प्लॅन असा: एल निदोहून फेरीने कोरोन, तिथे ३ दिवस, त्याच फेरीने परत एल निदो, व्हॅनने पाच-सहा तास पुएर्तो प्रिन्सेसा, तिथून मनिलाची फ्लाइट. कागदावर एकदम फिट्ट बसत होतं, मधे एक रात्र मोकळी ठेवली होती, खूप हुशार समजत होतो स्वतःला. कोरोनला पोचलो आणि वादळी वाऱ्याचा इशारा आला, कोस्ट गार्डने बोटी थांबवल्या. ऊन होतं हो! आकाश निळं, बंदर शांत, आणि बोट नाही. रोज सकाळी धक्क्यावर जाऊन विचारायचं, रोज तीच मान हलवणं. लोक भांडत होते तिथल्या माणसाशी, पण त्याच्या हातात काय होतं, आणि खरं सांगायचं तर कोस्ट गार्डने सोडलंच नाही याचा मला आता राग नाही, उघड्या समुद्रात काय चाललंय ते बंदरातून दिसत नाही.

पुएर्तो प्रिन्सेसाची फ्लाइट गेली. कोरोनच्याच बेटावर बुसुआंगा विमानतळ आहे, शेवटी तिथून मनिलाचं तिकीट काढलं, भाव विचारू नका. मुद्दा असा की एका बेटावरून आत आणि दुसऱ्यावरून बाहेर असं करता येत असेल तर तसंच करा, त्याच बोटीने परत यायचं कशाला. आणि शेवटच्या बोटीनंतर एक नाही, दोन रात्री ठेवा.

*

आपल्या अंदमानचं कुणीच लिहिलं नाही? बाराटांग. पहाटे अंधारात व्हॅन, जिरकाटांगच्या चौकीवर सगळ्या गाड्यांची रांग, मग ताफ्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. थांबायचं नाही, फोटो नाही, ओव्हरटेक नाही. मिडल स्ट्रेटला बस, ट्रक, माणसं एकाच बोटीवर, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. पुढे छोट्या बोटीने खारफुटीतून चुनखडीच्या गुहा. सगळं उत्तम, फक्त आमच्या ग्रुपमधल्या एकांना गुहेतून निघवेना आणि परतीचा ताफा गेला. मग पुढच्या ताफ्यापर्यंत धक्क्यावर बसून राहिलो, ड्रायव्हर कोणाशीही बोलेना. त्या एकांना मी लग्न करून बत्तीस वर्षं ओळखते.

*

😂😂 शेवटचं वाक्य!

*

माझं छोटंसं. मलेशियातल्या लांगकावीहून थायलंडच्या लिपेला सीझनमध्ये थेट फेरी असते. चढताना पासपोर्ट गोळा करतात, सगळ्यांचे एका पिशवीत. दीड तास ती पिशवी कुठे आहे एवढंच मी बघत होतो, समुद्र बघितलाच नाही. लिपेला फेरी लांब थांबते, मग लाँगटेल बोटीने किनाऱ्यावर, आणि इमिग्रेशन वाळूला लागूनच. एक जण उभा राहून नावं पुकारतो. माझं आडनाव त्याने तीनदा वेगवेगळ्या प्रकारे पुकारलं, एकदाही मला कळलं नाही, शेवटी पासपोर्टातला फोटो गर्दीसमोर धरला तेव्हा बायको म्हणाली अहो, तो तुम्ही आहात.

बरं, लिपेहून पुढे पाकबाराला स्पीडबोट आणि तिथून हाट याईची व्हॅन, हे एकाच दिवसात कुणी केलंय का? आम्ही त्या वेळी धीर केला नाही, जानेवारीत परत जातोय.

*

केलंय. सकाळची बोट घ्या, व्हॅन दोन तास. स्टिकर शर्टावर लावा, जॅकेटवर नाही.