अनुभव धागा: अलिबागेत मित्रमंडळी आणि मुलांसह पायी फिरताना

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून अलिबागला येणारी बरीच कुटुंबे गाव पाहतात ते गाडीच्या काचेतून. किनारा, समुद्रातला कुलाबा किल्ला, हिराकोट हा छोटा किल्ला आणि त्याचा तलाव, कान्होजी आंग्रे यांची समाधी, चुंबकीय वेधशाळा, इस्रायल आळी ही ठिकाणे मात्र चालती-बोलती मुले पायी गाठू शकतील इतक्या अंतरावर आहेत. ज्यांनी हे गाव मुलांबरोबर चालून पाहिले आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा. मुले कुठे रमली, कुठे कंटाळली आणि वेळ कशी साधली, हे अवश्य सांगावे. सुरुवात मीच करते.

आमच्या तीन घरांचा बेत तिथी पाहून ठरतो, कारण किल्ल्यावर चालत जायचे तर ओहोटी हवी. किनारपट्टीवर चालत आलेला हिशेब असा, की शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे ओहोटी नऊच्या सुमारास. मुलांची न्याहारी उरकून निघायला याहून सोयीची वेळ नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते आणि शिवाय तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, असल्याने पाणी फार मागे हटत नाही, त्यामुळे वाट कोरडी मिळेलच असे नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी दूरवर ओसरते खरे, पण ओहोटी पाच-सहाच्या आसपास असते आणि संध्याकाळी परतताना अंधार गाठतो. माझ्या सासऱ्यांनी मुलांना पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, शिकवली ती याच निमित्ताने, आणि आता तारीख ठरवण्याचे काम मुलांकडेच आहे. अर्थात हा अंदाज झाला. छापील वेळापत्रक पाहावे, किनाऱ्यावरच्या माणसांना विचारावे आणि पाणी वळले की कुणाचाही हट्ट न ऐकता परत फिरावे.

* * *

वरील हिशेबाला दुजोरा देऊन किल्ल्याच्या वाटेविषयी लिहितो. मोठ्यांचे लक्ष तटबंदीकडे असते, मुलांचे पायाखाली. ओलसर वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते आणि प्रत्येक नक्षीच्या मध्यावर एक छिद्र असते. तिथे दहा पावले दूर उकिडवे बसून हालचाल थांबवली की नखाएवढे खेकडे बाहेर येतात, वाळू तोंडाशी नेऊन त्यातले खाद्य टिपतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. आमच्या गटातल्या एरवी क्षणभर स्वस्थ न बसणाऱ्या मुलीने हे इतका वेळ पाहिले, की शेवटी तिला पाण्याची आठवण करून उठवावे लागले. मुलांच्या पायांत पट्ट्याच्या चपला असाव्यात, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात.

शिवाजी महाराजांनी १६८० साली हा किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. मुलांना सनावळीपेक्षा तटाचे मोठमोठे दगड अधिक भावतात. ते चुन्याशिवाय एकमेकांवर रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. प्रत्येकाने त्या फटींत हात घालून पाहिला. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले गणेश पंचायतन मंदिर आहे, आणि चहूकडे खारे पाणी असताना मध्येच गोड्या पाण्याची पुष्करिणी आहे. ‘समुद्राचे पाणी इथे का येत नाही?’ हा प्रश्न घरी पोहोचेपर्यंत पुरला. मला तर हाच या वाटेचा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

* * *

तीन वर्षांच्या आतील मूल बरोबर असेल तर किल्ला सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परतीला मूल कडेवर, हातात पिशव्या आणि मागे चढते पाणी, अशी घाई कुणावरही येऊ नये. आम्ही वरसोलीच्या बाजूला किनाऱ्याकिनाऱ्याने, सुरूच्या सावलीतून चालतो.

* * *

चुंबकीय वेधशाळेविषयी फार थोडे बोलले जाते, याचे मला वाईट वाटते. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईतील कुलाब्याला होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार हे ठरले तेव्हा त्या विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ साली नवी वेधशाळा अलिबागला उभारली गेली आणि तिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले. आम्ही आत गेलो नाही. मुलांसाठी एक होकायंत्र मात्र नेले होते. वेधशाळेजवळच्या रस्त्यावर ते तळहातावर धरून सुई स्थिर होऊ दिली आणि मग घराच्या किल्ल्यांचा जुडगा हळूहळू जवळ नेला. सुई थरथरली आणि वळली. ‘एवढ्याशा जुडग्याने हे होते, तर ट्रामने काय झाले असते,’ असे माझा मुलगा आपणहून म्हणाला. शिक्षक म्हणून इतकी वर्षे वर्गात फळ्यावर समजावलेली गोष्ट अशी दोन मिनिटांत मुलांच्या हाती आली.

* * *

आम्ही इस्रायल आळीतून चाललो तो नेमका शनिवार होता. बेने इस्रायली या कोकणातल्या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि वाचलेल्या थोड्या माणसांची वस्ती कोकणात वाढली. तेलाचे घाणे चालवणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आळीत ‘मागेन अबोथ’ हे त्यांचे प्रार्थनास्थळ आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे रायगडातल्या गावांवरूनच पडलेली आहेत आणि तिकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही मराठी आहे. आमच्याबरोबरच्या मुलांपैकी दोघांचे आडनाव ‘कर’ने संपणारे. आपले गाव मागे राहिले तरी आडनावात टिकते, हे त्यांना कुतूहलाचे वाटले. एक विनंती: शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, तेव्हा तेथून शांतपणे जावे आणि दारातून छायाचित्रे काढू नयेत.

* * *

थंडीत जाणाऱ्यांनी पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून खाण्याच्या बेतासाठी, संध्याकाळ राखून ठेवावी. दिवसभर चाललेल्या मुलांना वालाच्या शेंगा निवडण्याचे आणि भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला आणण्याचे काम द्यावे. दमलेली मुले पुन्हा कामाला लागतात. मडक्याच्या तळाशी पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि खाणाऱ्यांसाठी कोंबडी. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके शेतात उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. मडक्यावर पाण्याचा शिपका मारताच ते चर्र होऊन उडाले की झाले, असे आमचे यजमान काका सांगतात, आणि शिपका मारण्याचा मान सर्वांत लहान मुलाचा असतो.

* * *

आम्ही गाडी न घेता जातो, त्याविषयी दोन शब्द. गेटवेहून बोटीने मांडवा बंदर आणि तेथून बसने अलिबाग. बोटीमागे धावणारे समुद्रपक्षी मुलांना मोबाइल विसरायला लावतात. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, आणि किल्ल्याची वाटही त्या दिवसांत मुलांसाठी नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडी गेलात तर रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. माळ घ्यायची असेल तर परतीच्या बसला चढण्यापूर्वी घ्यावी आणि घरी वारा लागेल अशी टांगावी, म्हणजे कांदा बराच काळ टिकतो.