मित्राला उसने पैसे, तारण म्हणून जुना लॅपटॉप: तुमचे अनुभव लिहा

तीन महिन्यांपूर्वी एका जवळच्या मित्राला हातउसने पैसे दिले. मी काही मागितलं नव्हतं. त्यानेच खांद्यावरची बॅग काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हा लॅपटॉप राहू दे तुझ्याकडे. मला तेवढंच बरं वाटेल." मी "अरे, कशाला" असं दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

बॅग न उघडताच कपाटावर गेली. दोन हप्ते आले, तिसरा आला नाही. आता फोन केला तर तो म्हणेल, लॅपटॉप ठेवून घेतलायस तरी तगादा लावतोस? नाही केला तर कपाटाशी गेलं की ती बॅग दिसतेच. तारण त्याने दिलं आणि अवघडलोय मी.

कुणी असं तारण घेतलंय का? किंवा स्वतः ठेवलंय? पुढे काय झालं ते सविस्तर लिहा. सल्लेही चालतील, पण आधी अनुभव.

*

घेतला होता, आजही घरात आहे. कागद उडू नयेत म्हणून वापरतो.

माझ्या मित्राने सहा महिने चालढकल केली आणि शेवटी अगदी मोठ्या मनाने म्हणाला, "जाऊ दे, लॅपटॉप तूच ठेव, हिशेब मिटला." मलाही पटलं. यंत्र दिसायला छान होतं, ॲपलचं मॅकबुक. घरी येऊन सगळं पुसून नव्याने सुरू करायला घेतलं, तर पडद्यावर अॅक्टिव्हेशन लॉक. आधीच्या मालकाचं खातं आणि पासवर्ड टाका म्हणे. मित्राला विचारलं तर ते खातं ज्या फोन नंबरवर होतं तो नंबर त्याने कधीच बंद केलेला, पासवर्ड आठवत नाही, खरेदीची पावती हरवलेली.

मला वाटायचं, डिस्क पुसली की काम झालं. तसं नसतं. हे कुलूप डिस्कवर नसतंच, ते त्या यंत्राच्या नावाने कंपनीकडे नोंदलेलं असतं. मालकाने स्वतःच्या खात्यातून यंत्र काढून टाकल्याशिवाय, नाहीतर खरेदीची पावती दाखवून कंपनीला पटवल्याशिवाय ते सुटत नाही. जुने लॅपटॉप घेणाऱ्याने उलटसुलट करून पाहिलं आणि पडदा, कीबोर्ड असे सुटे भाग काढण्यापुरता भाव सांगितला. दिलेल्या रकमेच्या पासंगालाही पुरत नव्हता.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथे बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, आणि बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, पासवर्ड असेल तर आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतली छोटी बॅटरी काढूनही तो जात नाही.

*

माझा किस्सा छोटा आहे. मैत्रिणीने ठेवलेला लॅपटॉप चालू केला. सेटिंग्जमध्ये वरच एक ओळ होती, काही सेटिंग्ज तुमची संस्था हाताळते अशा अर्थाची. उलटा करून पाहिला तर तळाला स्टिकर खरवडल्याची चौकोनी खूण. लॅपटॉप तिच्या ऑफिसचा होता! पुढे तिने नोकरी सोडली आणि ऑफिसने तो परत मागितला, तेव्हा मीच तो गुपचूप नेऊन दिला. पैसे नंतर आले, सावकाश. पण जी वस्तू तिची नव्हतीच ती माझ्याकडे इतके दिवस होती, या विचाराने आजही पोटात गोळा येतो.

*

मी लॅपटॉप ठेवणाऱ्यांपैकी. दुसरी बाजूही वाचा.

मी भाषांतराची कामं करते. अडचण आली तेव्हा विकण्याजोगी एकच वस्तू होती, ती मैत्रिणीकडे ठेवली. आठवडाभरात कळलं की आपण नांगर गहाण टाकून पेरणी करायला निघालोय. काम करू तेव्हा पैसे फेडू, आणि काम करायचं कशावर? फोनवर दोन पानं टाइप केली आणि अंगठे भरून आले. मग शनिवारी-रविवारी तिच्याकडे जाऊन तिच्याच टेबलावर माझ्याच लॅपटॉपवर बसायचे. ती बिचारी काही बोलायची नाही. पण तिच्या घरच्यांचा "आज पण आलीस?" हा प्रश्न मला पुरे व्हायचा.

त्यात मी लॅपटॉप होता तसाच दिला होता. मेल उघडी, फोटो उघडे, ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेले. एकदा तिचा भाचा त्यावर गेम खेळताना दिसला. काही बिघडलं नाही, पण त्या रात्री बसून मी एकेक पासवर्ड बदलला. बदलले फोनवरूनच, म्हणजे पुन्हा अंगठे.

*

वरचा अनुभव वाचून माझी चूक लिहायचा धीर आला. मी लॅपटॉप फार जपला, तेच नडलं.

बॅटरी पूर्ण उतरून मरू नये म्हणून मी तो कपाटात ठेवून चार्जर कायम लावून ठेवला. दार बंद, वारा नाही. आठ महिन्यांनी मित्राने पै न पै फेडली आणि लॅपटॉप न्यायला आला. मी ऐटीत बाहेर काढला, तर टचपॅड वर आलेला. झाकण बंद केलं तरी मधे बोटभर फट. बॅटरी फुगली होती. शंभर टक्के चार्ज आणि उष्णता असं दीर्घकाळ चाललं की लिथियम आयन बॅटरीच्या आत वायू साठतो, हे नंतर कळलं. तशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. आग लागू शकते.

मित्र म्हणाला, "असू दे रे, जुनाच होता." पण नवी बॅटरी मी बसवून दिली. माझ्या ताब्यात असताना बिघडली, मग खर्च माझाच. फार दिवस ठेवायचा असेल तर साधारण ५० टक्के चार्ज करून, पूर्ण बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ५० टक्क्यांवर आणावा. ॲपल तरी हेच सांगते.

*

सगळे लॅपटॉपबद्दल बोलतायत, वेळेबद्दल कुणी बोलत नाही. मी तीन महिन्यांच्या बोलीवर दिलेले पैसे दोन वर्षं अडकले. मुद्दल जिथल्या तिथे, तारण मात्र उतरत गेलं. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. विंडोज ११ ला कंपनीच्या नियमाप्रमाणे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा बहुधा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि माझं तारण एका दिवसात म्हातारं झालं. विंडोजऐवजी लिनक्स टाकून आजही छान चालतो, पण विकायला गेलं की हे कुणी ऐकून घेत नाही.

*

आमचं मात्र सुरळीत पार पडलं, त्यामुळे सांगण्यासारखं फार नाही.

मित्रासमोर बसून एका कागदावर लिहिलं: लॅपटॉपचं मॉडेल, तळाचा सिरियल नंबर (बायोसमधल्याशी ताडून पाहिला), डाव्या बिजागरीजवळची चीर, रक्कम, तारीख आणि मुदत टळली तर काय करायचं. मग त्याने आपला डेटा दुसऱ्या डिस्कवर घेतला, खात्यातून बाहेर पडला, लॅपटॉप रिसेट केला. दोघांच्या सह्या. लिहिताना मीच ओशाळलो होतो. चीर लिहिली तेव्हा तो हसून म्हणाला, "ही तूच पाडली होतीस, सहलीला." ते कंसात लिहिलं. पैसे मुदतीच्या चार दिवस आधी आले.

*

तारणबिरण घेऊच नये या मताची मी. देताना गेले असं समजून जमेल तेवढेच द्यावेत. (हो, अनुभवच आहे. लिहिण्याइतकं धैर्य नाही.)

*

धागा काढणारा पुन्हा आलोय. बॅटरीचं वाचून घाबरलो आणि काल रात्री बॅग खाली काढली. लॅपटॉप फुगलेला नाही, पूर्ण उतरलाय. अर्धा चार्ज करून ठेवू म्हणून चार्जर काढला, तर पिन आतच जाईना. सैल नाही, घट्ट नाही, वेगळीच. शेवटी मित्राला फोन लावला. हप्त्याबद्दल काहीही न बोलता विचारलं, चार्जर कुठला दिलायस?

तिकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, "काळा, चौकोनी? अरे, तो माझ्या प्रिंटरचा! तीन महिने शोधतोय मी."

रविवारी येतोय. हप्ता घेऊन येतोय की अडॅप्टर न्यायला, ते काही बोलला नाही.