बाळंतपणाला फोटोग्राफर बोलवताना

ताई, म्हापशात बाळंतपण आहे, फोटोग्राफर बोलवावा का, असं विचारलंत. इथे काहींनी त्याला नसती थेरं म्हटलं, ते मला मुळीच पटलं नाही. कळांच्या भरात आईला स्वतःला फारसं काही दिसतच नाही. ते क्षण नंतर बघावेसे वाटणं साहजिक आहे.

पण ॲडव्हान्स देण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. सरकारी इस्पितळात आजूबाजूला इतर बाळंतिणी असतात, त्यांची अब्रूही जपायला हवी. २०१६ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे तिथे प्रसूतीवेळी सोबतीला एक बाई राहू शकते. ती जागा कॅमेऱ्याला देऊ नका हो, तिथे आई किंवा बहीणच हवी! खासगीत मात्र विचारून बघाच.

शक्यतो बाईच निवडा, आणि जवळपास राहणारी. कळा मध्यरात्रीही सुरू होतात. फ्लॅश अजिबात नको. सिझेरियन झालंच तर तिने तुमच्या डोक्याकडे उभं राहायचं, निर्जंतुक कापडांजवळ फिरकायचं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय एकही फोटो इन्स्टाग्रामवर जाणार नाही, हे करारात लिहून घ्या. आणि पहिल्या तासात बाळ तुमच्या छातीशीच असू दे, फोटोसाठी कुणालाही उचलू देऊ नका.