कळसूबाई: ६२ वर्षांच्या आईला पुण्याहून न्यायचं आहे, सल्ला हवा

धायरीची_लेक
नमस्कार मंडळी. आईचं माहेर संगमनेर तालुक्यातलं. तिथल्या बायका नवरात्रात कळसूबाईला जायच्या, आजी दोनदा जाऊन आली होती. आईचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, ती पुण्यात आली आणि जायचं राहूनच गेलं. मार्चमध्ये ती निवृत्त झाली. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला वर जाऊन ओटी भरायचीय. खालून नमस्कार नको."

आई आठवड्यातून चार दिवस पर्वती चढते. बीपीची गोळी चालू आहे. जिना उतरताना उजवा गुडघा कधीकधी बोलतो. मी स्वतः सिंहगड आणि राजगड केलेत, कळसूबाई नाही. हातात दोन महिने आहेत. तिला झेपेल का, नवरात्रातच जावं का, आणि त्या लोखंडी शिड्यांचं काय, हे जाणकारांनी सांगावं. "वय झालं, राहू दे" हे सांगणारे घरात पुष्कळ आहेत, त्यामुळे कसं जमवायचं तेवढंच सांगा.

सह्यवाटसरू
ताई, पुणेकराला कळसूबाई सांगायची तर सिंहगडाच्या मापानेच सांगावी लागते. पायथ्याच्या आतकरवाडीतून गडाच्या पुणे दरवाजापर्यंतचा चढ सहाशे मीटरच्या आसपास. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईचा चढ साधारण नऊशे मीटर. म्हणजे दीड सिंहगड, तोही एका दमात, आणि वरून परत यायला रस्ता नाही, जीप नाही. चढलात तेवढं उतरायचंच.

शिखर १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. पण विरळ हवेची काळजी करू नका, तो त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. इथे दम लागतो तो चढाचाच.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणं चांगलंच आहे, पण या चढाचा तो दहावा हिस्साही नाही. आजपासून वेताळ टेकडी किंवा तळजाई धरा आणि दर रविवारी पहाटे आतकरवाडी. माझी कसोटी अशी: आई दोन तासांत न धापता पुणे दरवाजाला पोचल्या, चालतच खाली उतरल्या (जीपने नाही!) आणि दुसऱ्या दिवशी घराचा जिना मांड्या न धरता उतरल्या, तर बारीला बिनधास्त न्या. तोवर तारीख ठरवू नका.

मुठेकाठचा
मी उलट बाजूने लिहितो, कारण आमचं चुकलं होतं.

गेल्या वर्षी जुलैत एका ट्रेक ग्रुपबरोबर वडिलांना (वय ५८) घेऊन गेलो. शनिवारी रात्री पुण्यातून बस, पहाटे तीनला बारी, झोप शून्य. पन्नासेक माणसं आणि वाट दाखवणारा एकच. दुसऱ्या शिडीपाशी रांग लागली ती सव्वा तास हललीच नाही, कारण वरून उतरणारे आणि खालून चढणारे त्याच शिडीवर. पाऊस आडवा. चढताना अंगातून घाम निघालेला, आणि थांबल्यावर तोच गार पडला. बाबांचे दात वाजायला लागले, मग बोलणं अडखळायला लागलं. मी त्यांच्या हातातली बाटली घेतली तर बोटं उघडेनात. तिथून परत फिरलो. एका टपरीवाल्या मावशींनी चुलीशी बसवलं, कोरडं पोतं पाठीवर टाकलं, गूळ घातलेला चहा पाजला, तेव्हा अर्ध्या तासाने माणसात आले.

म्हणून तीन गोष्टी जीव तोडून सांगतो. शनिवार-रविवार नको. रात्रीचा प्रवास करून सकाळी चढणं नको. आणि पाऊस असो-नसो, सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा शर्ट आणि स्वेटर हवाच. थंडी भरते ती चालताना नाही, थांबल्यावर.

धायरीची_लेक
वाचूनच पोटात गोळा आला. बाबा आता बरे आहेत ना? ग्रुपबरोबर जायचा विचार होता, तो रद्द. मी, आई आणि भाऊ, तिघंच जाऊ.

मुठेकाठचा
एकदम ठणठणीत. त्यांनाच पुन्हा जायचंय.

कर्वेनगर_फिजिओ
गुडघ्याबद्दल लिहिते, हा माझा रोजचा विषय आहे. चढताना हृदय आणि फुप्फुसं काम करतात, उतरताना मांडीचा पुढचा स्नायू. उतरणीवर तो स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, आणि तो कमजोर असला की भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. "जिना उतरताना बोलतो" याचा बहुतेक वेळा हाच अर्थ असतो, पण एकदा प्रत्यक्ष तपासून घ्याच.

व्यायाम सोपा आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभं राहायचं. एक पाय पायरीवर, दुसरा सावकाश खाली, चार आकडे मोजत, टाच जमिनीला टेकेपर्यंत. आदळायचा नाही. दहा वेळा या पायाने, दहा वेळा त्या पायाने, एक दिवसाआड. सहा आठवड्यांत फरक कळतो. आई पर्वती चढतातच, तर तिथे उतरणं हाच व्यायाम समजून निम्म्या वेगाने उतरू दे.

निघायच्या आधी डॉक्टरांना ईसीजीबद्दल आणि गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्टबद्दल विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. घाम आणि ती गोळी मिळून पाणी कमी पडू शकतं, तेव्हा त्या सकाळची गोळी कधी घ्यायची तेही विचारून ठेवा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. वेग ओळखायची खूण: चालता चालता एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तुटलं की थांबा.

काठ्या दोन हव्यात, एक नाही. शिडीपाशी त्या भावाकडे द्या, दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

प्रवराकाठ
मी मूळचा अकोले तालुक्यातला, नोकरीला चाकणला. तुमच्या आईचं, म्हणजे मावशींचं, ऐकून बरं वाटलं म्हणून लिहितोय.

आमच्याकडे सांगतात ते असं. कळसू ही महादेव कोळ्यांची पोर, रानात रमणारी. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घातली की भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस पाहुणे आले आणि तिला तेच काम करायला लावलं. तिने केलं, आणि मग डोंगरावर गेली ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. तिथून पुढे ती आमची देवी. जन्मभर घरचं आणि नोकरीचं करून आता वर जायचं म्हणणाऱ्या बाईला या देवीची ओढ का वाटते, ते मला कळतं.

आता कामाचं. नवरात्रात वर जत्राच असते, मंदिर लहान, माथा लहान, शिड्यांवर रांगा. मावशींना खरंच नवरात्रच हवं असेल तर मधल्या वारी या आणि सकाळी आठच्या आत वर पोचा. माझ्या मनातलं विचाराल तर दसरा होऊन जाऊ द्या आणि एखाद्या मंगळवारी या. ओटी त्या दिवशीही तितक्याच मानाने भरली जाते. सोनकीची पिवळी फुलं तेव्हाही थोडीफार असतात.

पण परतीच्या पावसाचं ध्यान ठेवा. सकाळ लख्ख आणि दुपारी दोनच्या पुढे ढग चढून विजा, हे आमच्याकडे ऑक्टोबरात नेहमीचं. उघडा माथा आणि लोखंडी शिड्या, तेव्हा विजेच्या वेळी तिथे असता कामा नये. अकराला माथा सोडायचा, पोचला असाल किंवा नसाल. गडगडाट ऐकू आला तर असाल तिथून खाली.

मुक्काम आदल्या रात्री बारीतच करा, गावात घरगुती सोय होते. आधी सांगितलं तर नागलीची भाकरी मिळते. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असं या, दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मोशी-चाकणची कोंडी मी रोज भोगतो, म्हणून सांगतो, सकाळी सहाच्या आत चाकण मागे टाका. एसटीने अकोले-राजूरपर्यंत येता येतं, पण मावशींसाठी गाडीच बरी. परतताना राजूरचे पेढे घ्या.

धायरीची_लेक
प्रवराकाठ, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दसऱ्यानंतरचा मंगळवार चालेल." मी महिनाभर समजावून जे झालं नसतं ते झालं.

एकच विचारायचं राहिलं. शिड्या किती अवघड आहेत? आईला उंचीची भीती नाही, पण तोल गेला तर?

सह्यवाटसरू
शिड्या भक्कम आहेत, कठडे आहेत. चढताना काहीच वाटत नाही. उतरताना मात्र बरेच जण दरीकडे तोंड करून उतरतात, आणि तिथे पाय घसरतो. शिडीकडे तोंड, पाठ दरीकडे, घरातल्या माळ्यावरून उतरतो तसं. भाऊ एक-दोन पायऱ्या खाली, तुम्ही वर. वरच्याच्या बुटाचा चिखल खालच्या पायरीवर पडलेला असतो, म्हणून पाय ठेवायच्या आधी चाचपून बघायचा. बूट खोल खाचांच्या तळव्याचे हवेत, रोजचे गुळगुळीत झालेले नकोत.

धायरीची_लेक (दोन महिन्यांनी)
जाऊन आलो! सगळ्यांना सांगायलाच हवं म्हणून सविस्तर लिहिते.

सोमवारी पावणेपाचला धायरी सोडली, दुपारी बारीत. आई संध्याकाळी पायथ्याच्या देवळात बसून राहिली. मंगळवारी पहाटे साडेपाचला टॉर्च लावून निघालो. पंचवीस मिनिटं चालायचं, पाच मिनिटं बसायचं, हा नियम आईनेच लावला आणि आम्ही मोडायला लागलो की ओरडली. आतकरवाडीला सहा रविवार केले होते त्याचा उपयोग पावलोपावली कळत होता.

ओटीची पिशवी तिने कुणाला दिली नाही. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. पहिल्या शिडीपाशी मी म्हटलं दे, हात मोकळे हवेत. तिने पदराने ती पिशवी पाठीशी बांधली, भात लावणाऱ्या बाया पोराला बांधतात तशी, आणि चढली. शेवटच्या शिडीखाली विहिरीपाशी दहा मिनिटं बसलो. तिथे मात्र ती दमली होती, ओठ सुकले होते. लिंबू-साखर-मीठ पाजलं. ९.५० ला वर.

मंदिरात तीन-चार माणसं मावतील एवढीच जागा. आईने आजीच्या नावाने एक आणि स्वतःची एक अशा दोन ओट्या भरल्या. दुसरा खण पिशवीत होता हे आम्हाला माहीतच नव्हतं. बाहेर आल्यावर भावाने अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दाखवले, दुसऱ्या बाजूला भंडारदऱ्याचं पाणी. तिने विचारलं, आपलं संगमनेर कुठल्या अंगाला? भावाने पूर्वेकडे हात केला. त्या बाजूला धुकट होतं, तरी ती तिकडेच बघत उभी राहिली.

१०.४० ला माथा सोडला. शिड्या उलट्या तोंडाने उतरलो, आई प्रत्येक पायरी मोठ्याने मोजत होती, पर्वतीवर मोजते तशी. अडीचला बारीत पोचलो आणि साडेतीनला पलीकडच्या डोंगरावर गडगडलं. अकराचा नियम कुणी मोडू नका.

कर्वेनगर_फिजिओ, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या होत्या, गुडघा नाही. डॉक्टरांनी बीपीची गोळी रात्री घ्यायला सांगितली होती, तसंच केलं.

पाण्याचा आमचा अंदाज मात्र चुकला. माणशी दोन लिटर नेलं होतं, उतरताना संपलं आणि टपरीवर विकत घ्यावं लागलं. मधल्या वारी बऱ्याच टपऱ्या बंद असतात, आम्हाला दोनच उघड्या दिसल्या. ऑक्टोबरात तीन लिटर धरूनच न्या.